‘इतर’ या सदराखाली

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्या उत्तरार्धाविषयी बोलण्याचा अधिकार मला अद्याप प्राप्त झालेला नाही, आणि परीक्षा होईपर्यंत तो विषय घरात काढायचा नाही असा तह झालेला आहे. पूर्वार्धाविषयी मात्र गेल्या दीड वर्षात थोडेफार ज्ञान पदरी पडले. ज्याने ही म्हण रचली त्याच्या काळी घर म्हणजे जोते, विटा, वासे, गवंडी आणि सुतार यांच्याशी घातलेली हुज्जत असे. आमच्यासारख्या शहराच्या काठाकाठाने राहणाऱ्यांच्या नशिबी बांधणे नसते, घेणेच असते. आणि हे घेणे हल्ली जोत्यापासून नव्हे, तर हातातल्या फोनपासून सुरू होते. खर्च लिहिणारे एक ॲप, कर्जाचा हप्ता सांगणारे दुसरे, घरे दाखवणारे तिसरे. आमच्या घरात ही तिन्ही खाती अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने माझ्याकडे सोपवण्यात आली. या अनुभवाविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, कारण आपल्या वर्गातील निम्म्याअधिक मुलामुलींच्या घरी हेच चालू असेल किंवा लवकरच चालू होईल.

आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळले असावे. पहिलीपासून आजवर आमचे चार पत्ते झाले. प्रत्येक वेळी आधारकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे पत्ता बदलायचा, आणि आजीने नव्या शेजाऱ्यांशी पुन्हा पहिल्यापासून ओळख काढायची. मालक वाईट नव्हते. पण भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावे लागे; आणि अकरावा महिना लागला की बाबा संध्याकाळी जरा गप्प असत. “पुढच्या वर्षी हजार वाढवा” असा निरोप येतो की “जागा आम्हालाच हवी आहे” असा येतो, याची ती वाट असे. स्वतःच्या घराची ओढ आमच्याकडे हौसेतून आलेली नव्हती. ती या अकराव्या महिन्यातून आली होती.

खर्चाच्या ॲपपासून आम्ही सुरुवात केली. त्याची रीत साधी आहे. बँकेतून पैसे गेले की जो संदेश येतो, तो हे ॲप वाचते आणि ती रक्कम एखाद्या सदरात टाकते: किराणा, प्रवास, औषध, शिक्षण, भाडे. जे कशातच बसत नाही ते ‘इतर’. महिनाअखेर एक रंगीत वर्तुळ समोर येते आणि त्यात आपले आयुष्य फोडींमध्ये कापलेले दिसते. पहिल्या महिन्यात बाबांच्या स्टेशनवरच्या चहाचे ६४० रुपये झाल्याचे वर्तुळाने जाहीर केले. बाबांनी चार दिवस चहा बंद ठेवला आणि पाचव्या दिवशी तो रोख पैशांनी घेऊ लागले, म्हणजे संदेश येणार नाही! ॲपचा पहिला पराभव हा असा झाला.

दुसरा पराभव आईने केला. ती सात जणांचे पोळी-भाजीचे डबे करते. त्यातले काही जण फोनवरून पैसे पाठवतात, बाकीचे हातात देतात. हातात आलेले पैसे ती लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत ठेवते. पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेले असते: दूध, गॅस, फी, सण, डॉक्टर. ॲपच्या लेखी हे पैसे अस्तित्वातच नव्हते. म्हणून रोज रात्री जेवणे झाली की मी विचारायचे, तिने सांगायचे आणि मी भरायचे, असा क्रम बसला. सात-आठ दिवसांनी तिने फोन हातात घेऊन ती सदरे नीट पाहिली आणि म्हणाली, “यात नवीन काय आहे गं? पाकिटंच आहेत ही.”

ते खरेच आहे. अर्थसंकल्प म्हणजे शेवटी पाकिटेच. फरक इतकाच की दुधाचे पाकीट रिकामे झाले की आईचा हात थांबतो. ॲपमध्ये सदर संपले की आकडा लाल होतो आणि खर्च पुढे चालूच राहतो. पण ॲपच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाकिटांना मागचा महिना आठवत नाही. ॲपला आठवतो. सहा महिने नेमाने लिहिल्यावर आम्हाला पहिल्यांदा एक आकडा कळला, जो बावीस वर्षांच्या संसारात कोणी मांडला नव्हता: बाबांचे हातात येणारे ४१,००० आणि आईचे साधारण ९,००० मिळून पन्नास हजारांत सगळे भागवून महिन्याला १०,५०० रुपये उरू शकतात. हा आकडा कळला तेव्हा घराचा विषय बोलण्यातून हिशेबात आला.

मग दुसरे ॲप. त्यात रक्कम, व्याजाचा दर आणि वर्षे भरली की क्षणात हप्ता दिसतो. समान मासिक हप्त्याचे सूत्र पुस्तकात कोरडे वाटते, पण आपल्या वडिलांच्या वयावर ते लावले की त्याला धार येते. बाबांचे वय पंचेचाळीस. साठाव्या वर्षी निवृत्ती. तेव्हा वीस वर्षांचे कर्ज आमच्यासाठी नव्हतेच, पंधराच वर्षांचे होते. अठरा लाख रुपये, साडेआठ टक्के, पंधरा वर्षे, असे भरले तर हप्ता आला १७,७२५ रुपये. त्यातल्या पहिल्या हप्त्यात व्याज १२,७५० आणि मुद्दल केवळ ४,९७५. पंधरा वर्षांत भरायचे एकूण ३१ लाख ९० हजार. म्हणजे व्याजच जवळजवळ १३ लाख ९० हजार. वीस वर्षे मिळाली असती तर हप्ता १५,६२१ झाला असता आणि व्याज साडेएकोणीस लाखांच्या घरात गेले असते. दरमहा एकवीसशे रुपयांचा दिलासा आणि त्याची किंमत साडेपाच लाखांहून अधिक! लांब मुदतीचे कर्ज स्वस्त वाटते ते का, आणि ते स्वस्त का नसते, हे मला या एका उदाहरणाने पटले.

या ॲपमध्ये आणखी एक कळ असते: ‘तुम्हाला किती कर्ज मिळू शकेल?’ तिच्यावर बोट ठेवले की बराच मोठा आकडा येतो आणि मन हरखते. पण बँक किती देईल आणि आपण किती घ्यावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या सरांनी वर्गात रेपो दर शिकवला होता, तो येथे उपयोगी पडला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. हा रेपो मे २०२२ च्या आधी ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्के झाला. म्हणजे दहा महिन्यांत अडीच टक्के. म्हणून मी तेच अठरा लाख साडेदहा टक्क्यांनी मांडून पाहिले. हप्ता १९,८९७, म्हणजे २,१७२ रुपयांनी अधिक. आता आमचा हिशेब असा झाला: भाड्याचे ११,००० वाचणार, त्यात ६,७२५ घातले की हप्ता भागतो. उरणाऱ्या १०,५०० मधून ते गेले की राहतात ३,७७५. सोसायटीचा देखभाल खर्च १,२०० धरला तर राहतात २,५७५. आणि दर दोन टक्क्यांनी चढलाच तर हातात चारशे रुपये. आईने “चारशे म्हणजे एक आजारपण” असा शेरा मारला आणि अठरा लाखांवर रेघ ओढली गेली.

घरे दाखवणाऱ्या ॲपने आमची पुष्कळ करमणूक केली. तेथे प्रत्येक घरात भरपूर उजेड असतो आणि प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असते; चालत, रिक्षाने की मनाने, ते सांगत नाहीत. एकदा फोन नंबर दिला की रात्री नऊपर्यंत एजंटांचे फोन येतात. भाऊ म्हणाला, “आपल्याला इतकी माणसं ओळखतात हे मला माहीतच नव्हतं.” तरीही या ॲपनेच आम्हाला विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतचे भाव घरबसल्या समजले. पूर्वी हे ज्ञान फक्त दलालाच्या डायरीत असे. ते चार लोकांच्या हातात आले, हा लाभ लहान नाही.

येथे ‘क्षेत्रफळ’ या शब्दाविषयी थोडे सांगतो, कारण आपले मराठीचे प्राध्यापक शब्दांच्या अर्थविस्ताराबद्दल बोलतात त्याचे याहून चांगले उदाहरण नाही. एकाच घराला एजंट सहाशे फूट म्हणतो, मालक साडेचारशे म्हणतो आणि टेप घेऊन मोजले तर तीनशे ऐंशी भरते. जिना, लॉबी, बाहेरच्या भिंती असे सगळे धरले की पहिला आकडा येतो. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून आतले वापराचे क्षेत्र; आतल्या खोल्यांमधील भिंती मात्र त्यात धरायच्या. सतरंजी अंथरता येईल तेवढेच घर आपले, असा त्याचा सोपा अर्थ आजीने लावला.

त्याच कायद्याखाली महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. चालू बांधकामाचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर घातला की मंजुऱ्या, जमिनीची कागदपत्रे, पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे गेली, हे सारे दिसते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही असावा लागतो. एका नव्या इमारतीतले घर बाबांना फार आवडले होते. तिची तारीख दोनदा पुढे ढकललेली आहे हे मी फोनवर दाखवले, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरण्याची आमची ऐपत नव्हती. तो विचार तेथेच संपला.

यावरून फोनमध्ये दिसले म्हणजे खरे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमच्या कल्याण-डोंबिवलीतच याचा दाखला आहे. महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी त्यांत घरे घेतली त्यांनीही नोंदणी क्रमांक पाहिला असेलच. बँकेचे कर्ज घेऊन हप्ते भरणारी माणसे त्यांत होती. त्या बातम्या आमच्या घरी फार बारकाईने वाचल्या गेल्या. आईने तेव्हापासून एक नियम केला: पडद्यावर जो कागद दिसेल तो ज्या कार्यालयाने दिला, तेथे जाऊन विचारायचे. पुढे ज्या दोन घरांवर आमची दृष्टी स्थिरावली, त्या दोन्ही इमारतींचे भोगवटा प्रमाणपत्र खरे आहे का, हे विचारायला बाबांनी रजा काढून नगरपरिषदेच्या पायऱ्या चढल्या. ॲपमुळे कार्यालयाचा एक फेरा वाचला नाही. मात्र काउंटरवर नेमके काय विचारायचे, ते समजले.

तर ही दोन घरे. दोन्ही जुन्या, राहत्या इमारतींमधली, म्हणजे पुनर्विक्रीची. पूर्ण झालेल्या घरावर जीएसटी लागत नाही हाही एक फायदा. पहिले अंबरनाथला, किंमत साडेएकतीस लाख. स्टेशनपासून चालत खरोखर बारा मिनिटे आणि खिडकीत उजेड. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, इ. स. १०६० मधले. आम्ही घर पाहायला गेलो त्या दिवशी आजी त्या मंदिरात तासभर बसली आणि परतताना गाडीत म्हणाली, “इथं मला बरं वाटेल.” इतकेच. पण पंच्याहत्तरीच्या पुढे पोचलेल्या माणसाने, चार घरे निमूटपणे बदलल्यावर, प्रथमच एखाद्या जागेविषयी काही म्हटले होते.

दुसरे घर बदलापूरला, साडेअठ्ठावीस लाख. जरा लहान, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. डोंबिवलीहून ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर, असे सहावे स्टेशन. बाबांना घाटकोपरला जायचे असते. डोंबिवलीच्या मानाने जाताना पंचवीस आणि येताना पंचवीस मिनिटे अधिक धरली, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत अडीचशे तास होतात. कर्जाच्या कोणत्याही ॲपमध्ये या अडीचशे तासांसाठी रकाना नाही. शिवाय बदलापूर म्हटले की उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि सातशेहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. म्हणून आम्ही ते घर मुद्दाम जुलैत, भर पावसात पुन्हा पाहिले. २००५ आणि २०१९ साली पाणी कोठवर आले होते, हे इमारतीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि इस्त्रीवाल्याला असे तिघांना वेगवेगळे विचारले. तिघांनीही एकच वळण दाखवले. ते वळण आमच्या इमारतीच्या पुष्कळ खाली होते. नकाशाच्या ॲपवर ते वळण दिसते, पाणी दिसत नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी पाचही जण फोनभोवती बसलो. बदलापूरचे घर अठरा लाखांच्या कर्जात बसत होते. अंबरनाथच्या घरासाठी एकवीस लाख लागत होते. हप्ता २०,६८०, म्हणजे २,९५५ रुपये जास्त. शिलकेतले २,५७५ सगळे घातले तरी पुरत नव्हते, आणि मग दर चढला तर आधारही नव्हता. खर्चाच्या ॲपमध्ये ‘बचत कुठे करता येईल?’ असे विचारण्याची सोय आहे. मी विचारले. त्याने सहा महिन्यांचा धांडोळा घेऊन उत्तर दिले: ‘इतर’ या सदरात दरमहा ३,००० रुपये नियमित जात आहेत, हा खर्च कमी करता येईल.

खोलीत एकदम शांतता झाली. कारण ते तीन हजार कोणाचे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. फक्त त्याविषयी घरात कधी बोलले जात नसे. माझी आत्या माण तालुक्यात गावी असते. तिचे यजमान वारले त्याला आता नऊ वर्षे झाली. मूलबाळ नाही. थोडी कोरडवाहू जमीन आहे, तिच्यात एखाद्या वर्षी ज्वारी होते आणि एखाद्या वर्षी नाही. बाबा शाळा-कॉलेजची सात वर्षे तिच्याच घरी राहून शिकले. दर महिन्याच्या सहा तारखेला बाबा तिला तीन हजार पाठवतात. पूर्वी मनीऑर्डर जाई, आता फोनवरून जातात. ॲपला त्या फोन नंबरापलीकडे काही माहीत असण्याचे कारण नव्हते. किराणा नाही, औषध नाही, शिक्षण नाही, म्हणून ‘इतर’.

सूत्राला विचारले तर उत्तर फार नेमके होते. महिन्याला तीन हजार, पंधरा वर्षे, साडेआठ टक्के: सुमारे तीन लाखांचे कर्ज. बदलापूर आणि अंबरनाथ यांच्यातला फरकही बरोबर तीन लाखच. उजेडाची खिडकी, बाबांचे काही तास, आजीचे देऊळ, सगळे त्या एका सदराच्या पलीकडे उभे होते. गणित म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती.

आजी उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. ती आत्याची आई. तिच्यापुढे हा प्रश्न यायलाच नको होता. बाबा हळूच म्हणाले, “हजार-दीड हजार केले तर… आक्का काही बोलणार नाही.” ते खरे होते. आत्या काहीच बोलली नसती. आणि बाबांना तेच नको होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आई बराच वेळ फोनकडे पाहत होती. मग तिने मला विचारले, “यातली नावं बदलता येतात का?”

“येतात की.”

“मग ते ‘इतर’ काढ. तिथं ‘आक्का’ लिही.” आणि बाबांकडे वळून, “अहो, भाड्याच्या घरात दर साली दुसऱ्याच्या मनाप्रमाणे निघावं लागतं म्हणून आपण घर घेतोय ना? मग तिचं काय? तिला या घरातून काढून आपण तिकडं खिडकी घ्यायची का?”

मी नाव बदलले. ते करायला अर्धे मिनिटही लागले नाही. नंतर ॲपला तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने तेच उत्तर दिले, फक्त ‘इतर’च्या जागी ‘आक्का’ असे दिसले. ‘आक्का: हा खर्च कमी करता येईल.’ वाक्य तेच, आकडा तोच. पण आता ते वाक्य कोणी मोठ्याने वाचू शकले नाही. भावाला मात्र हसू फुटले, आणि मग आम्ही सगळेच हसलो. गॅलरीतून आजीने विचारले, “काय झालं रे?” बाबा म्हणाले, “काही नाही. बदलापूर ठरलं.”

अर्थशास्त्रात आम्हाला संधिव्यय शिकवतात. एक वस्तू निवडली म्हणजे दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली ती निवडलेल्या वस्तूची खरी किंमत. व्याख्या मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. त्या रविवारी तिचा अर्थ कळला. ॲपने आपले काम चोख केले होते. त्याच्यामुळेच प्रश्न तीन हजार रुपयांइतका स्पष्ट झाला, नाही तर आम्ही तो वर्षानुवर्षे टाळत, अंधुकपणे सोसत राहिलो असतो. पण प्रश्न स्पष्ट करणे आणि तो सोडवणे ही दोन कामे वेगळी आहेत. किती, हे यंत्र सांगते. कोणासाठी, हे घराला ठरवावे लागते. आणि घरात कोण कोण येते, हे करारावरच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. घराची किंमत आणि खिशातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम यांत सुमारे अडीच लाखांचे अंतर पडले: मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, एजंट, बँकेची प्रक्रिया फी, सोसायटीची हस्तांतर फी. घरे दाखवणारी ॲप या गोष्टी पहिल्या पानावर सांगत नाहीत. ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी किमतीवर आठ-नऊ टक्के आपण होऊन वाढवून धरावेत. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. आमच्या बाबतीत ती २८,५०० रुपये झाली. तेव्हा घर आईच्या नावावर घ्यायचे ठरले. हा निर्णय पैशांच्या हिशेबाने झाला हे कबूल केले पाहिजे. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यापुढे बसून अंगठा देताना आईने पदर सावरला आणि बाबांकडे एकदा पाहिले, ते हिशेबातले नव्हते. राहते घर, गॅस, विजेचे बिल, शाळेचा दाखला, कशावरच आजवर तिचे नाव मुख्य म्हणून नव्हते. दस्त नोंदून झाल्यावर मिळालेली सूची दोनची प्रत तिने घरी आल्यावर नीट घडी करून ठेवली. कोठे? लग्नपत्रिकेच्या पाकिटात.

बदलापूरला राहायला येऊन आता पाच महिने झाले. बाबा पूर्वीपेक्षा लवकर निघतात आणि आल्यावर जेवून लगेच झोपतात. समोरची भिंत आहे तेथेच आहे. आजीला आम्ही महिन्यातून दोन सोमवारी अंबरनाथला नेतो. मधे एकही स्टेशन नाही. दिवाळीत आत्या आली होती. दहा दिवस राहिली, बाहेरच्या खोलीत भिंतीला तिने स्वतः एक खिळा ठोकला आणि आपल्या यजमानांचा लहानसा फोटो लावला. कोणाला विचारावे लागले नाही.

बदलत्या दराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी भरली तर त्यावर दंड नसतो. मी आणि भावाने मिळून कर्जाच्या ॲपमध्ये एक तक्ता करून ठेवला आहे. माझी नोकरी लागली आणि दर महिन्याला तीन हजार जादा भरता आले, तर पंधरा वर्षांतली बरीच वर्षे गळतात आणि बाबा निवृत्त होण्याच्या पुष्कळ आधी कर्ज संपते. नोकरी मात्र अजून लागायची आहे, आणि त्याआधी परीक्षा आहे. तोवर पाच तारखेला हप्ता जातो आणि सहा तारखेला आक्का. महिनाअखेरच्या रंगीत वर्तुळात तिची फोड आता तिच्या नावाने दिसते. ‘इतर’ या सदरात सध्या फक्त भावाचे वडापाव आहेत.